ओटा रस्त्याला, बाकडं सखूला

सुबोध, चष्मा कपाळावर आहे. तो खाली घे आणि मग वाचायला लाग. कपाटाच्या किल्ल्या शोधत असशील तर त्या फ्रिजमध्ये आहेत, परवा दुधाच्या पिशव्यांबरोबर तूच ठेवल्यास. तुला तोंडी सांगितलेलं जिना उतरेपर्यंतसुद्धा टिकत नाही, म्हणून यावेळी लिहूनच द्यायचं ठरवलं. मला लिहिता येत नाही हा त्यातला किरकोळ अडथळा. तुझी मुलगी ऋतिका कागद घेऊन समोर बसली आहे. मी सांगते, ती लिहिते, मध्येच हसते. हसलेलं लिहायचं नाही असं तिला बजावलं आहे.

तर मी, खाली अंगठा उमटवणारी श्रीमती सुगंधा सहदेव घाडीगावकर, वय आधार कार्डाप्रमाणे एक्याऐंशी व गुडघ्यांप्रमाणे शंभर, धंदा पूर्वी पिठाची गिरणी चालवणे व हल्ली लोकांना नको तेव्हा आठवण करून देणे, राहणार विहीर रोड, घाटकोपर पश्चिम, मुंबई, पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागात हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर सर्वेश नाडकर्णी यांनी दिला आहे. त्यांनी आधी मला आज वार कोणता ते विचारलं. मी त्यांना विचारलं, दवाखान्याच्या दारात फुटपाथवर आडवी लावलेली स्कूटर कुणाची? म्हणाले, "आजी, माझीच." म्हटलं, "वार मी सांगते, स्कूटर तुम्ही हलवा." त्यांनी लगेच सही केली.

माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. आणायची या घरात कुणाची छाती नाही. कायद्याची भाषा वकील शर्मिष्ठाबाईंनी तपासली आहे. त्यांनी ठिकठिकाणी 'मेल्या' हा शब्द काढून 'सदर इसम' घातलं. वाचताना आपण परत 'मेल्या' वाचावं.

शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, आजी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी म्हटलं, गेल्यावर सगळेच ऐकतात, त्यात काय मोठेपणा? म्हणून याची एक प्रत आजच सुबोधच्या हातात द्यायची आहे.

कलम १. घर. विहीर रोडवरची माझी दुसऱ्या मजल्यावरची खोली सून कल्पिता आणि मुलगा सुबोध या दोघांना. कल्पिताचं नाव मुद्दाम आधी घातलं आहे. इतकी वर्षं या घरात पंखा किती नंबरवर असावा हे सुबोध ठरवतो. आता पहिलं नाव तिचं, पंखाही तिचा. गॅलरीतली वेताची खुर्ची मात्र ऋतिकाला. त्या खुर्चीतून अख्खा विहीर रोड दिसतो, त्यामुळे मला टीव्हीची कधी गरज पडली नाही. टीव्हीत निदान मध्ये मध्ये जाहिराती तरी असतात.

कलम २. सोनं. पाटल्या ऋतिकाला. पण पाटल्या घालून या रस्त्याने चालू नकोस बाई. चोरांची भीती म्हणून नव्हे. या रस्त्याने चालताना दोन्ही हात तोल सांभाळायला लागतात, पाटल्या सांभाळायला तिसरा कुठून आणशील?

कलम ३. गाळा. याला जरा वेळ लागेल. सुबोध, उठू नकोस, फोन वाजत नाहीये.

हे, म्हणजे माझे यजमान कै. सहदेव, मालवणाकडून आले आणि लालबागला कापडाच्या गिरणीत लागले. संपानंतर ती गिरणी बंद पडली, तेव्हा त्यांनी इथे पिठाची घातली. म्हणाले, "ह्या गिरणीत संप झालो तर करणारो मीच नि मोडणारी तूच." मोडायची वेळ आली नाही. पट्टा चढवणं, दगड उघडून त्याला टाकी लावणं, म्हणजे छिन्नीने खाचा पाडणं, ज्वारीनंतर गहू घालताना दगड झाडून घेणं, सगळं मी शिकले. ज्या रस्त्यावर आमचा गाळा, त्याला विहीर रोड म्हणतात कारण कोपऱ्यावर विहीर होती. विहीर बुजवली, नाव राहिलं. फुटपाथचंही पुढे तेच झालं.

पण तेव्हा फुटपाथ होता. संध्याकाळी डबे घेऊन बायका त्यावर रांगेत उभ्या राहायच्या. सुबोध हल्ली मला ऐकवतो, "आई, आपली रांगही फुटपाथवरच असायची ना?" असायची बाळा. पण रांग माणसांची होती. कुणी म्हातारं आलं की सरकायची. तू फुटपाथवर बांधलेला ओटा सरकतो का?

आता आमच्या खोलीखालच्या या गाळ्यात मागे गिरणी आणि पुढे सुबोधचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. तर हा गाळा मी सुबोधला देत आहे. अट एकच, ती पुढच्या कलमात. अट पाळली नाही, तर गाळा माझी मैत्रीण श्रीमती सखुबाई हिला हयातभर सुकी मासळी विकण्यासाठी मिळावा. तुझ्या त्या पुढे काढलेल्या पत्र्यावर बोंबील फार छान वाळतील. गिऱ्हाइकं कव्हर घ्यायला येतील तेव्हा वासासकट घेऊन जातील, वेगळे पैसे लावू नकोस.

कलम ४. ओटा. गाळ्यापुढे फुटपाथवर जो ओटा आहे, वर पत्रा, खाली चकचकीत फरशी आणि स्कूटर चढवायला केलेला गुळगुळीत उतार, तो मी कुणालाच देत नाही. द्यायचा होता, पण शर्मिष्ठाबाईंनी सांगितलं की जे आपलं नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही. म्हटलं, बरं झालं बाई, हे एवढी वर्षं मी एकटीच ओरडत होते, आता कायदाही माझ्या बाजूने ओरडला. तर तो ओटा ज्याचा आहे त्याला, म्हणजे रस्त्याला, परत करावा. फोडून, पत्रा काढून, फरशी उचलून, फुटपाथ होता तसा सपाट करून. हीच अट.

त्यासाठी लागणारी हत्यारं, म्हणजे दगडाला टाकी लावायची माझी छिन्नी आणि हातोडी, मी सुबोधला देत आहे. मेल्यावर नव्हे, आजपासून. दोन्ही गिरणीच्या मागच्या फळीवर आहेत. फळी कुठे आहे ते कल्पिताला विचार.

हा विषय निघाला की काय होतं ते शर्मिष्ठाबाईंना माहीत असावं म्हणून इथे घालते. शेजारी रामनाथचं भांड्यांचं दुकान आहे. त्याची पातेली, परात, घमेली सकाळी दुकानातून निघतात ती फुटपाथवर येऊन बसतात, घरच्या माणसांनी अंगणात बसावं तशी. गणपतीच्या आधी मी दोघांना गाळ्यासमोर उभं केलं.

"सुबोध, ओटा काढ."

"आई, सगळ्यांचे पुढे आलेत. मी एकट्याने मागे घेतला तर हा त्या जागेत टोप मांडेल."

"मी? अरे काय बोलतोस सुबोध! मावशी, याने काढला ना, तर दुसऱ्या दिवशी माझी भांडी आत. आईशप्पथ."

"मग आज तू आत घे, उद्या मी काढतो."

"तसं नको ना यार. सुरुवात तुझ्याकडून. तुझं पक्कं बांधकाम आहे, माझी तर हलती भांडी."

"हलती आहेत तर हलव की!"

मी म्हटलं, "मेल्यांनो, तुम्ही दोघं एकमेकांना 'आधी तू' म्हणत राहा. मधल्या मधे मी जाते." दोघे एकदम म्हणाले, "असं नका बोलू मावशी", "असं नको बोलूस आई." एवढ्या एका गोष्टीत त्यांचं एकमत आहे.

कलम ५. समिती. वर सांगितलेला रामनाथ हाच 'सुंदर विहीर रोड समिती'चा अध्यक्ष. चालणाऱ्यांसाठी रस्ता सुरक्षित आणि आकर्षक करणे हे समितीचं काम, असं फलकावर लिहिलंय म्हणतात. फलक फुटपाथच्या मधोमध आहे, त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरावं लागतं. सुरक्षा इथून सुरू होते.

समितीने आजवर काय काय केलं ते मी खुर्चीतून पाहिलं आहे. फुटपाथवर स्कूटर चढू नये म्हणून लोखंडी खांब ठोकले. स्कूटरी त्यातून वाकड्या होऊन जातात, ढोपर दुखणारी बाई वाकडी होऊ शकत नाही, ती अडकते. रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मारले, सुंदर मारले, आणि ते जिथे संपतात तिथे बरोबर रेलिंग लावलं. माणूस पट्ट्यांवरून ऐटीत जातो, रेलिंगला नमस्कार करतो आणि परत येतो. नाक्यावर माणसांसाठी दिवा बसवला. त्यातला हिरवा माणूस उभा राहतो न राहतो तोच पळायला लागतो. त्याला गुडघे नाहीत. प्लास्टिकच्या गवताच्या कुंड्या आल्या. मग फोटो काढायला बदाम असलेली कमान आली. मी रामनाथला विचारलं, "अरे, हिच्याखालून जायचं कुठे?" म्हणाला, "मावशी, जायचं नाही, उभं राहायचं. सौंदर्य वाढतं." विचारलं, "कुणाचं?" तर हसला. हसायला त्याला येतं, तेवढं मान्य.

आणि एक चांगलं काम केलं होतं. विहिरीच्या कोपऱ्यावर बाकडं ठेवलं होतं. पुढे ते काढून टाकलं. का, तर लोक त्यावर बसतात अशी तक्रार आली!

समितीला मी माझी काठी देत आहे. अध्यक्षांनी ती घेऊन एकदा स्टेशनपासून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत फुटपाथवरून यावं. रस्त्यावर पाय न टेकवता पोहोचले तर काठी त्यांची. टेकवला तर काठी धुऊन परत करावी.

कलम ६. यजमानांविषयी. यात कुणाला काही द्यायचं नाही, तरी लिही गं ऋतिका, पेन खाली ठेवू नकोस.

यांचं हृदय कमकुवत झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. कुठे ते म्हणाले नाहीत. हे विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत जायचे, बाकड्यावर टेकायचे, दम खाऊन परत यायचे. बाकडं गेलं तरी दोन दिवस हे तिथवर जात राहिले. मग दारातून परत फिरायला लागले. मी म्हणायचे, जाऊन या की. म्हणायचे, "मदी वायच बसाक व्हया गो. बसू खंय?" मग जिना उतरणंही थांबलं.

ते गेले तेव्हा प्रथेप्रमाणे अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवायची होती. विसावा द्यायचा, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायची, मग पुढे. जागा तीच, विहिरीचा कोपरा. तिथे स्कूटरी लागलेल्या. बायका मसणात जात नाहीत, म्हणून मी गॅलरीतच होते. हे मला सुबोध, तू सांगितलंस, आंघोळ करून आल्यावर, डोकं पुसत. "आई, बाबांना टेकवायला जागा मिळाली नाही गं. खांद्यावरच विसावा केला." तू रडलास. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

त्यानंतरच्या दिवाळीत तू ओटा पुढे घेतलास. मी तुझ्या विसरभोळेपणाची टिंगल करते, पण हे विसरणं मला कधी टिंगलीत घेता आलं नाही.

कलम ७. सखुबाई. ही माहेरची वेसाव्याची कोळीण. डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत यायची आणि आमच्या गिरणीच्या दारात टेकायची. मी पिठात पांढरी, ती खवल्यांत चंदेरी. गिऱ्हाईक म्हणायचं, इथे पिठाला मासळीचा वास येतो. सखू म्हणायची, "मंग वेगळं कालवण कशाला करता?" आता ती याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला भाच्याकडे राहते, तळमजल्यावर. मोठ्याने हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर.

गेल्या वर्षी ती मला भेटायला येत होती. सुबोधच्या उतारावरची फरशी नुकतीच धुतलेली, आणि मागून हॉर्न. सखू आमच्याच दारात आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात मी रडायला लागले तर म्हणते, "काय गो, तुझ्या लेकानं घसरगुंडी बांधली ती पोरांसाठी ना? मंग उद्घाटनाला मला कशाला बोलावली?" सुबोध मोसंबी घेऊन उभा होता. त्याने मोसंबी टेबलावर ठेवली आणि खाली बघितलं. फरशीकडे बघायची सवय तेव्हा लागली असती तर बरं झालं असतं.

ती वॉकर घेऊन चालते. डॉक्टर तिलाही म्हणतात, चाला. ती खिडकीत बसते. आम्ही फोनवर बोलतो. एका रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्या, दुबईला असल्यासारख्या! मी म्हणते ये गं, तर म्हणते, "चालंन गो मी, पन मदी बसू कुठं? रस्त्यावं बसली तं लोकं पैसं टाकतील."

हे वाक्य मी आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आहे. त्या वेळी मी ऐकून घेतलं. आता घेणार नाही.

तर बँकेत माझं जे काही आहे, त्यातून विहिरीच्या कोपऱ्यावर बाकडं बसवावं. पाठ टेकता येईल असं, हात टेकून उठता येईल असं, वर सावली. ते फुटपाथच्या आतल्या अंगाला, भिंतीला लागून, चालणाऱ्याला आडवं न येता. उरलेले पैसे सुबोध आणि कल्पिताने वाटून घ्यावेत व कुणाला जास्त मिळाले यावर भांडू नये. भांडायचंच असेल तर बाकड्यावर बसून भांडावं.

कलम ८. माझी शेवटची फेरी. मला खालून शववाहिनीत घालून नेऊ नये. विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत खांद्यावर न्यावं, आणि रस्त्यावरून नव्हे, फुटपाथवरून. तिथून पुढे गाडी चालेल, आमच्या घरातल्या खांदेकऱ्यांना दम लागतो हे मला माहीत आहे. वाटेत ओटा लागला तर तिरडीने ओट्यावर चढायचं नाही, खाली रस्त्यावर उतरायचं नाही. तिथेच थांबायचं आणि आधी ओटा फोडायचा. मला कुठेही पोहोचायची घाई नसेल. कोपऱ्यावर मला खाली टेकवून नीट विसावा द्यावा. ऋतिका आणि कल्पिता बरोबर येतील. बायका येत नाहीत असं कुणी म्हणालं तर सांगावं, म्हातारीने लिहून ठेवलंय, आणि म्हातारीला आता समजावता येत नाही.

साक्षीदार. सखूला साक्षीदार करायचं होतं. शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, जिला काही मिळायची शक्यता आहे तिची साक्ष घेऊ नये. म्हणून ज्याला काही मिळणार नाही असा माणूस शोधला. रामनाथ. त्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'आईशप्पथ' पर्यंत आलो तेव्हा त्याने पाणी मागितलं. सुबोधनं ओटा काढला की दुसऱ्या दिवशी भांडी आत, हे त्याने वकीलबाईंसमोर कबूल केलं. आता कागदावर त्याची सही आहे, आणि शपथ त्याच्या आईची. ती बाई माझ्याकडे दळण टाकायची, मी वर गेले की भेटणारच आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, आणि मी सांगितला त्यापेक्षा फार सभ्य झाला आहे. तरी मान्य.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: श्रीमती सुगंधा सहदेव घाडीगावकर
लिहिणार: ऋतिका सुबोध घाडीगावकर
साक्षीदार: डॉ. सर्वेश नाडकर्णी (सही). स्कूटर हलवली आहे.
साक्षीदार: रामनाथ कासार (सही, घाम पुसून)
स्थळ: घाटकोपर, मुंबई. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्राची पुरवणी

मी, वरीलच बाई, अजून आहे. डॉक्टरांचा नवा दाखला सोबत आहे. मधल्या काळात जे घडलं त्यामुळे काही कलमं बदलावी लागत आहेत.

प्रत वाचल्यावर सुबोधने तिची घडी घालून ती फ्रिजवर ठेवली. मग जेवायला बसला. कल्पिता बोलली. म्हणाली, "आई, पहिलं नाव माझं ना?" म्हटलं, हो. रविवारी सकाळी मॅक्सीवर ओढणी घेऊन ती खाली गेली आणि फळीवरची छिन्नी-हातोडी घेऊन ओट्याच्या कोपऱ्यावर पहिला घाव तिनेच घातला. मी गॅलरीत, खुर्चीत.

सुबोध धावत उतरला. "अगं, काय करतेयस? लोक बघतायत!"

"बघू देत. तुम्ही पण बघताय का, की धरताय?"

त्याने तिच्या हातातली छिन्नी घेतली. मला वाटलं, आता ठेवून देतो. नाही. म्हणाला, "तिरकी धर. आई अशी धरायची, तिरकी." आणि फोडायला बसला. हे त्याच्या लक्षात होतं. चष्मा मात्र कपाळावरच होता.

पत्रा उतरला तेव्हा गाळ्याच्या तोंडाशी किती दिवसांनी ऊन आलं. रामनाथ दारात उभा होता. वर बघून म्हणाला, "मावशी, आज रविवार. दुसरा दिवस म्हणजे कामाचा दिवस धरायचा ना?" म्हटलं, "तुझ्या आईला विचारून सांगते." सोमवारी भांडी आत गेली. एक घमेलं बाहेर राहिलं आहे. ते शकुनाचं आहे म्हणे. शकुन गाळ्याच्या आत लावता येतो का, यावर चर्चा चालू आहे. खांब, रेलिंग, कमान आणि तो हिरवा पळपुटा तसेच आहेत. एका मृत्युपत्रात किती होणार? कुणीतरी दुसऱ्या म्हातारीने हातभार लावावा.

मग बाकडं आलं. पैसे मी हयातीतच काढून दिले, व्याज खायला दात कुठे आहेत? रामनाथने हौसेने पेंटर बोलावून पाठीवर अक्षरं काढून घेतली. मला वाचता येत नाही, पण अक्षरं गोल गोल, निळी, फार देखणी. म्हटलं, समितीला एकदा तरी अक्कल आली.

पहिल्या संध्याकाळी मी जाऊन बसले आणि फोन लावला. "सखू, बाकडं आलं."

"खोटं."

"मी त्याच्यावर बसून बोलतेय."

फोन बंद झाला. बराच वेळ कुणी नाही. मग रस्त्याच्या त्या टोकाला वॉकर दिसला. आधी वॉकर, मग ती. कव्हरांच्या दुकानापाशी, जिथे पडली होती तिथे, थांबली. सुबोध आतून बाहेर आला, हात पुढे केला. ती म्हणाली, "बाजूला हो रे, तूच मदी उभा ऱ्हातोस." तो बाजूला झाला. ती सपाट फुटपाथवरून पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली. फोनवर सगळं बोलून झालं होतं, म्हणून दोघींनी रस्ता बघितला.

त्यानंतर रोज बसू लागलो. पण येणारे-जाणारे विचित्र बघायचे. कुणी माझ्याकडे बघून बाकड्याकडे बघायचं आणि भराभर चालायला लागायचं. एका शाळकरी मुलीने तर हात जोडले. मी सखूला म्हटलं, बघ, बाकड्याचं कौतुक. वाचायला तिलाही येत नाही. मग ऋतिका परीक्षा संपवून आम्हाला बघायला आली आणि वाचूनच मटकन बसली. या भागातलं प्रत्येक बाकडं कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असतं. जिवंत माणूस बाकडं देतो हे पेंटरच्या डोक्यातच आलं नाही. त्याने रिवाजाप्रमाणे लिहून टाकलं: 'कै. सुगंधा सहदेव घाडीगावकर यांच्या स्मरणार्थ.'

सखू म्हणाली, "म्हंजी मी इतके दिस भुताशेजारी बसली?"

रामनाथ आला, कानाला हात लावून. "मावशी, उद्याच पुसून घेतो." मी म्हटलं, राहू दे. कधी ना कधी खरं होईल, तेवढाच रंगाचा खर्च वाचेल. फक्त माझ्या नावाच्या आधी यांचं नाव घाला. ते खरंच कै. आहेत, आणि बाकडं त्यांनी माझ्या आधी मागितलं होतं. तसं घातलं आहे, असं ऋतिका सांगते. मी तिच्यावर विश्वास ठेवते. न ठेवून करू काय?

म्हणून बदल असे. गाळा सुबोधचा, अट फिटली. सखूचा सुक्या मासळीचा हक्क रद्द. ती म्हणते, "बरा झाला, मला बोंबलाचा वास आता सहन होत नाय." खोटारडी. काठी समितीला द्यायची नाही, मला लागते. कलम ८ तसंच राहील. ओटा नाही, तेव्हा आता न थांबता जाता येईल. विसाव्याला मला बाकड्यावर ठेवलं तरी चालेल, जागा ओळखीची आहे.

हे सारं मला वाचून दाखवलं, आणि मान्य.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: श्रीमती सुगंधा सहदेव घाडीगावकर, तूर्त हयात
साक्षीदार: डॉ. सर्वेश नाडकर्णी (सही)
साक्षीदार: रामनाथ कासार (सही). घमेल्याबद्दल काही बोलायचं नाही असं म्हणतात.
स्थळ: विहिरीच्या कोपऱ्यावरचं बाकडं, घाटकोपर. दिनांक: १८ जानेवारी २०२६

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं शर्मिष्ठाबाई म्हणतात. धरू नये, हे जेवणाचं आहे. मी गेल्यावर सखू पुन्हा खिडकीत बसेल. म्हणेल, आता बाकड्यावर कुणाशी बोलू? तेराव्याला तुमचं गोडाधोडाचं काय करायचं ते करा, तिला साखर आहे. चौदाव्या दिवशी, आणि मग दर बुधवारी, बांगड्याचं तिखलं आणि आंबोळ्या करा आणि डबा तिच्या घरी पाठवू नका. बाकड्यावर पाठवा. कल्पिता किंवा सुबोध, कुणीतरी डब्यापाशी बसा, ती येईपर्यंत उघडू नका. आणि तिरफळं घाला. सुबोध, तिरफळं खडेमिठाच्या बरणीमागे आहेत.